खांबकाकांचा एक प्रश्न

खांबकाका मॅच बघताना चेंडूकडे बघत नसत. मैदानाच्या कडेला आम्ही वीस-पंचवीस पालक चेंडू जाईल तिकडे माना फिरवत ओरडत असायचो, आणि हा सहा फुटी, लाल कानांचा आयरिश म्हातारा कोटाच्या खिशात हात घालून भलतीकडेच बघत उभा. एकदा मी म्हटलं, काका, गोल तिकडे झाला, तुम्ही इकडे काय शोधताय? तर म्हणाले, "चेंडूकडे सगळेच बघतायत, बॉस. मी कोण कुठे उभं आहे ते बघतो."

ते मला पहिल्या दिवसापासून बॉस म्हणायचे. मानानं की टोमण्यानं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं, पण माझ्या डोक्यात ते मराठीतच साठलंय, तेव्हा इथे तसंच लिहितो. खरं म्हणजे लिहायचंच नव्हतं. माझा त्यांच्यावर राग आहे. त्या मॅचला सहा वर्षं झाली, त्यांना जाऊनही आता वर्ष होत आलं, तरी आहे.

मी खामगावचा. इकडे आलो तो सगळ्यांसारखाच, विसा घेऊन, कॉम्प्युटरवर काम करायला. जर्सी सिटीत एका फ्लॅटमध्ये चौघं राहायचो आणि रोज सकाळी ट्रेन पकडून मॅनहॅटनला जायचो. ग्रीन कार्ड हातात पडल्यावर नोकरी सोडली आणि किचनच्या ओट्यांसाठी ग्रॅनाइट विकायचं दुकान टाकलं. मंडळातले मित्र हसले. इंजिनियर माणूस दगड विकणार म्हणाले. आता त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी माझेच ओटे आहेत, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण मला भावात चांगलं खाली आणलं. तसं वाटू देणं हाच माझा धंदा. माझ्याशी घासाघीस करून कुणी खरोखर जिंकून गेल्याचं मला आठवत नाही. अपवाद एकच.

खांबकाका प्लंबर होते. माझ्या ओट्यांमध्ये सिंक बसवायला मला माणूस हवा होता आणि कुणीतरी त्यांचं नाव सांगितलं. आले, काम बघितलं, आपला दर सांगितला. मी सुरू झालो. इतकी कामं देईन, इतकी गिऱ्हाइकं जोडून देईन, दुसरा प्लंबर किती कमी घेतो, सगळं. ते एका पालथ्या बादलीवर बसून शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी मघाचाच आकडा परत सांगितला. मी पुन्हा दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. पुन्हा तोच आकडा, त्याच आवाजात. चिडणारा माणूस मला आवडतो, त्याच्यात शिरायला फट असते. ह्या माणसात फटच नव्हती. शेवटी मीच चिडलो आणि हो म्हटलं.

काम मात्र असं की बोट ठेवायला जागा नाही. सिंक बसवून झालं की इतर प्लंबर नळ सोडतात, पाणी वाहून जाताना बघतात आणि हत्यारं आवरायला घेतात. खांबकाका पाणी सोडून ओट्याखाली आडवे व्हायचे आणि सांध्याखाली तळहात धरून दहा-दहा मिनिटं पडून राहायचे. साठी उलटलेला माणूस, गुडघे दुखायचे, उठताना ओट्याची कड धरून कण्हायचा. मी म्हणायचो, काका, कोरडं आहे की, दिसतंय इथून. खालून आवाज यायचा, "वरून सगळंच कोरडं दिसतं, बॉस."

सई तेव्हा बारा वर्षांची होती. शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची. एकदा मागच्या अंगणातून धपाधप आवाज आला म्हणून बघायला गेलो, तर उभ्या लावून ठेवलेल्या ग्रॅनाइटच्या स्लॅबांमध्ये हे दोघं चेंडू खेळत होते. मी असा ओरडलो की शेजारच्या टायरवाल्यानं डोकं बाहेर काढलं. सईचा चेहरा उतरला. खांबकाका म्हणाले, इथे नको तर रविवारी मैदानावर पाठव. आमच्याकडे मुली कमी पडतात.

तो खेळ म्हणजे गेलिक फुटबॉल. त्यांच्या गावाकडचा. आयरिश लोकांनी तो इकडे आणला, आणि आता त्यांची नातवंडं लांबच्या उपनगरांत राहायला गेल्यामुळे संघ भरेनात. चेंडू व्हॉलीबॉलसारखा, हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलांत एकदा जमिनीवर आपटायचा किंवा पायानं उडवून परत झेलायचा. गोलाचे खांब उंच, मध्ये आडवी दांडी. दांडीखालून चेंडू गेला तर गोल, त्याचे तीन. दांडीवरून दोन खांबांच्या मधून गेला तर एक पॉइंट. शेजारच्याच मैदानावर आमची हैदराबादची आणि पुण्याची पोरं क्रिकेट खेळायची. त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, काका, हे फुटबॉल आहे की बास्केटबॉल, एकदा ठरवून घ्या ना यार. मीही हसलो होतो. पण तिसऱ्या रविवारी सईनं दोघींच्या मधून चेंडू काढून दांडीवरून मारला, आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला की क्रिकेटवाले थांबून बघायला लागले. त्या दिवसापासून मी त्या खेळाचा झालो.

संघ खांबकाकांचा. म्हणजे शिकवणारे तेच, मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारे तेच, चेंडूंत हवा भरणारेही तेच. जिंकल्यावर ते मुलींना फार चढू द्यायचे नाहीत. दहा पॉइंटांनी जिंकलात तर घरी जाऊन झोपा, म्हणायचे. "एका पॉइंटनं जिंकलात तर आधी तो पॉइंट कुठला ते शोधा." मुली डोळे फिरवायच्या. मलाही ते उगाचचं वाटायचं. सौदा पटला की पटला, कुठल्या वाक्याला पटला ते कोण शोधत बसतो?

त्यांचं नाव मी ठेवलं ते त्यांच्या अंपायरांच्या शाळेवरून. ह्या खेळात प्रत्येक गोलाशी दोन अंपायर लागतात, पांढरा कोट घालून, खांबापाशी उभे. पॉइंट झाला की पांढरा झेंडा हलवायचा, गोल झाला की हिरवा. एका खांबाशी एका संघाचा माणूस, दुसऱ्याशी दुसऱ्या संघाचा. पगारी माणसं कुठून आणणार, तेव्हा पालकांनाच उभं करतात. माझी पाळी आली तेव्हा खांबकाकांनी माझा हात धरून खांबावर ठेवला आणि म्हणाले, हात लागतोय? एवढ्या अंतरावर राहायचं. चेंडू खांबापेक्षा उंच गेला तर बुंध्याशी उभं राहून सरळ वर बघायचं. लांबून दिसतं ते खरं नसतं. मी विचारलं, आणि नाहीच दिसलं तर? "तर रेफरीला सांगायचं, मला दिसलं नाही. त्यात लाज कसली?" एवढं शिकवायला त्यांनी अर्धा तास घेतला. घरी येऊन मी सांगितलं, म्हातारा खांबाशिवाय बोलत नाही, खांबकाकाच आहे. सईनं ते नाव मैदानावर नेलं. त्यांनी अर्थ विचारला, तिनं सांगितला, आणि त्यांना ते इतकं आवडलं की चर्चमधल्या मित्रांनाही ते आपलं नवं नाव सांगत सुटले.

मला तो पांढरा कोट आवडायला लागला होता. मीनल, माझी बायको, म्हणायची, घरात पाण्याचा पेला उचलत नाहीस आणि तिकडे झेंडे उचलतोस. पण आमच्या लोकांत कुणाला न जमलेली ती गोष्ट होती. आयरिश बायाबापड्या मला विचारायच्या, तो आत होता ना? आणि मी सांगेन ते खरं धरायच्या.

सई तेरा वर्षांची असतानाची ती शेवटची मॅच. कपाची. समोर नदीपलीकडचा संघ, आमच्यापेक्षा एकेक मुलगी हातभर उंच. बरोबरी चालली होती, दोन मिनिटं उरली असतील. सईनं चेंडू घेतला, एकीला चुकवलं, उडवून झेलला आणि लांबून मारला. त्याच क्षणी समोरची धिप्पाड मुलगी तिच्यावर येऊन आदळली आणि सई अशी पडली की मला तिचे फक्त बूट दिसले.

चेंडू उंच गेला होता. माझ्या खांबाच्या वरून, खांबापेक्षा उंच. दुसऱ्या खांबाशी त्यांच्या संघातल्या एका मुलीची आई होती. ती मला म्हणाली, तुझा खांब आहे, तूच सांग. रेफरी माझ्याकडे बघत होता. आणि मी पांढरा झेंडा उचलला.

आम्ही एका पॉइंटनं जिंकलो. सई उठून उभी होती, कोपर फुटलं होतं, हसत होती. मुलींनी तिला उचललं. मी कोटासकट नाचलो. त्या गर्दीतून खांबकाका सावकाश चालत माझ्यापाशी आले, माझं अभिनंदन केलं, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात एकच प्रश्न विचारला.

"तू खांबाखाली होतास ना, बॉस?"

मी म्हणालो, "मग कुठे असणार?"

त्यांनी मान हलवली आणि मुलींच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करायला गेले.

पुढच्या गुरुवारी त्यांनी पालकांना बोलावलं. जागा माझ्याच दुकानाची, शोरूममध्ये खुर्च्या मांडून. कप तोवर काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलेला होता, सगळ्यांना दिसेल असा. खांबकाका उभे राहिले आणि म्हणाले की आपण समोरच्या संघाला सांगू या, मॅच पुन्हा खेळू. शेवटच्या पॉइंटबद्दल मला खात्री नाही. माझं कुणाबद्दल काही म्हणणं नाही, फक्त मला स्वतःला खात्री नाही, आणि ज्या विजयाची मला खात्री नाही तो मला मुलींना देता येत नाही.

माझं डोकं फिरलं. तुम्हाला खात्री नाही म्हणजे मी खोटारडा का, असं म्हणून जो सुरू झालो तो थांबलोच नाही. रेफरीनं लिहून घेतलेलं बदलायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? पोरींनी सबंध उन्हाळा घाम गाळला तो ह्यासाठी? माझी मुलगी कोपर फोडून घेते आणि तुम्ही तिचा पॉइंट दान करायला निघता? आयरिश मुलीनं मारला असता तर हा प्रश्न पडला असता का, हेसुद्धा बोललो. हे खोटं आहे हे बोलतानाच मला माहीत होतं. पण चालणारं वाक्य होतं, आणि चालणारं वाक्य मी कधी वाया घालवत नाही. दोन-तीन चेहरे त्या वाक्यानं माझ्याकडे वळलेले मला दिसले.

मग शेवटचा घाव. सई मागे टाइल्सच्या खोक्यांवर बसली होती, मांडीवर फोन. मी म्हणालो, "तिनंच मारलाय ना? विचारा तिला. काय दिसलं ते तिलाच विचारा."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. सई माझ्याकडे बघत नव्हती. खांबकाकांनी तिच्याकडे बघितलं, चांगलं सावकाश, जसे ते मैदानावर चेंडू सोडून दुसरीकडेच बघायचे तसं. आणि म्हणाले, "नाही. पोरीला विचारायचं नाही."

मला वाटलं, हरला. समोरचा हातातला कागद खाली ठेवतो तो क्षण मी हजार वेळा पाहिलाय. हात वर करून मतं घेतली. माझ्या बाजूनं एक हात जास्त आला. खांबकाकांनी टोपी घातली, मैदानावरच्या सामानाच्या खोलीची किल्ली ओट्यावर कपाशेजारी ठेवली आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान बोललास, बॉस." बस, एवढंच.

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. माझ्या कामांना त्यांनी दुसरा प्लंबर पाठवला, चांगला होता, पण नळ सोडून, पाणी बघून निघून जाणारा. मी फोन केला नाही. मी का करावा? चारचौघांत माझ्यावर संशय घेतला होता त्यांनी. वर भांडलेही नाहीत. समोरच्यानं भांडून हरावं, शिव्या घालाव्यात, दार आपटून जावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी चहाला बोलावता येतं. हा माणूस किल्ली ओट्यावर ठेवून निघून गेला. अशा माणसाशी पुन्हा बोलायला सुरुवात तरी कुठून करायची? मंडळात मी वर्षभर हेच सांगत होतो. सगळे माझ्याच बाजूचे होते. त्यांना मी सांगितलं तेवढंच माहीत होतं.

दोन वर्षांनी ते कायमचे आयर्लंडला परत जायला निघाले, बहिणीकडे. मला ते आधीच कळलं होतं. जायच्या आठवड्यात एका दुपारी त्यांची जुनी व्हॅन दुकानासमोर थांबली. मी आतल्या काचेच्या खोलीत होतो. ते आत येताना दिसले तसा मी फोन उचलून कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं. मी हातवारे करून बोलत राहिलो, भाव पाडत राहिलो. ते शोरूममध्ये उभे राहिले. घाई नव्हती त्यांना. नमुन्याच्या सिंकपाशी गेले, ते त्यांनीच बसवलेलं होतं. वाकले आणि सांध्याखाली तळहात धरला. त्या सिंकला पाण्याची जोडणीसुद्धा नव्हती. मग हात पँटला पुसून सरळ झाले, माझ्या काचेकडे बघून टोपीला बोट लावलं आणि गेले. मी फोन ठेवला तेव्हा कान गरम झाला होता.

गेल्या वसंतात पालकांच्या जुन्या ग्रुपवर निरोप आला की ते वारले. कुणीतरी त्यांचा फोटो टाकला होता, खिशात हात, नजर भलतीकडे. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. मीही जोडले.

ऑगस्टमध्ये सईला कॉलेजला सोडायला निघालो होतो. मागच्या सीटवर उशा, चादरी, मीनलनं दिलेले चिवड्याचे डबे. कुठूनशी खांबकाकांची गोष्ट निघाली आणि मी सवयीनं माझं सुरू केलं, की माणूस चांगला होता पण त्यानं माझा अपमान केला, आणि पुरावा म्हणशील तर तुला विचारायचीसुद्धा त्याची हिंमत झाली नाही. सई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बाबा, तू पोस्टपाशी नव्हतास. यू वर रनिंग टुवर्ड्स मी."

 गाडी चालवत राहिलो.

ती म्हणाली की पडल्यावर तिनं मान उचलली तेव्हा पहिला मीच दिसलो, पांढरा कोट, हातात झेंडा धरून तिच्याकडे पळत येणारा, खांबापासून चांगला आठ-दहा पावलं पुढे. चेंडू माझ्या डोक्यावरून मागे गेला. तिनं उठायला हात टेकला तेव्हा मी थांबलो आणि मागे वळलो. मग झेंडा वर केला. "तू मला बघायला येत होतास. आय न्यू दॅट. म्हणून मी कधी बोलले नाही."

मी विचारलं, खांबकाकांना माहीत होतं?

"माहीत असणारच. तो नेहमी तेच बघायचा ना, हू इज स्टँडिंग व्हेअर." मग म्हणाली, "त्या मीटिंगमध्ये त्यानं विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, बाबा. माझं ठरलं होतं. मी एवढी घाबरले होते. अँड ही जस्ट लुक्ड अॅट मी अँड सेड नो."

म्हणजे सबंध सौदा त्यांच्या खिशात होता. एका शब्दात मी माझ्याच दुकानात, वीस लोकांसमोर, माझ्या मुलीच्या तोंडून संपलो असतो. आणि ती पोर आयुष्यभर ते घेऊन फिरली असती. तो शब्द त्यांनी वापरला नाही. किल्ली ठेवली, मैदान सोडलं, माझ्या बाजूचा एक हात जास्त होऊ दिला. मी ज्याला हार समजलो ती काय होती, हे समजायला मला सहा वर्षं लागली, आणि तेही स्वतः शोधून नाही, मुलीनं सांगून.

माझा राग अजून आहे, हे वर लिहिलंय ते खोडत नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन झापायला हवं होतं. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. त्या दुपारी काचेवर टकटक करायला हवी होती. मी कदाचित तेव्हाही खोटंच बोललो असतो, पण टकटक करायला हवी होती. आणि मला तरी कुठे मुद्दाम खोटं बोलायचं होतं? पोर पडली, बाप धावला. रेफरीला एवढंच सांगायचं होतं, मला दिसलं नाही. लाज कसली त्यात?

तो पॉइंट झाला होता की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. सई म्हणते, पुन्हा मॅच झाली असती तरी आम्ही जिंकलो असतो. जिंकल्याही असत्या.

कप अजून शोरूममध्ये आहे, त्याच काळ्या ओट्यावर. ओटा निवडायला आलेली माणसं हात लावून बघतात, विचारतात कसला म्हणून. मी सांगतो, माझ्या मुलीच्या संघाचा, एका पॉइंटनं जिंकलो. ते वा म्हणतात आणि ग्रॅनाइटकडे वळतात. मी थोडा वेळ तसाच थांबतो. पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.